०३/०४/२०२५ ही नक्की कोणती तारीख? सॉफ्टवेअरमधल्या तारखा निस्तरण्याची रीत

वर्षातल्या १३२ तारखा नुसत्या आकड्यांत लिहिल्या तर त्यांचे दोन अर्थ निघतात. हिशेब सोपा आहे. प्रत्येक महिन्याचे पहिले १२ दिवस धरले की १४४ तारखा होतात. त्यातल्या १/१, २/२ ते १२/१२ या १२ तारखा उलट वाचल्या तरी त्याच राहतात, म्हणून त्या वगळल्या. उरल्या १३२. वर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दिवस संशयास्पद, आणि बाकीचे दिवस बिनबोभाट चालणारे. टेस्टिंगमध्ये हा घोळ सापडत नाही तो याच कारणाने. टेस्ट करणारा माणूस सहज म्हणून २५/१२ किंवा ३१/०३ टाकतो, ते नीट वाचलं जातं आणि काम पुढे सरकतं.

०३/०४/२०२५ आपल्याकडे ३ एप्रिल असते, अमेरिकेत ४ मार्च. मधलं अंतर ३० दिवसांचं.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण धरू. एका पतसंस्थेच्या मुदत ठेवींची यादी एक्सेलमध्ये आहे आणि ती नव्या सिस्टिममध्ये आणायची आहे. ठेव ठेवल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, ठेवीदाराची जन्मतारीख असे तीन कॉलम आहेत. यादी पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या वर्षी भरलेली. तारीख ३० दिवसांनी सरकली की व्याज चुकतं, आणि ठेवीदार काउंटरवर येईपर्यंत कुणाच्याही लक्षात येत नाही. (लेखातली उदाहरणं देवनागरी अंकांत छापली आहेत, वेगळं सांगितलं नसेल तिथे फाइलमध्ये इंग्रजी अंक आहेत असं धरा.)

पायरी १ : हा दिवस आहे की क्षण, ते ठरवा

कोड लिहिण्याआधी प्रत्येक कॉलमला हा प्रश्न विचारायचा. जन्मतारीख, ठेवीची मुदत, चेकवरची तारीख, सुट्टी हे नुसते दिवस आहेत. त्यांना तास-मिनिटं नाहीत आणि टाइम झोनही नाही. पुण्यात १५ ऑगस्टला जन्मलेली मुलगी न्यू जर्सीला राहायला गेली म्हणून तिचा वाढदिवस १४ ऑगस्टला येत नाही. पैसे खात्यातून वळते झाले ती वेळ मात्र क्षण आहे. तो जगभर एकच असतो, फक्त प्रत्येक ठिकाणचं घड्याळ त्याला वेगळं नाव देतं.

दिवस असेल तर नुसती तारीख ठेवणारा प्रकार वापरा: डेटाबेसमध्ये डेट, जावात लोकल-डेट, पायथनमध्ये डेट. जावास्क्रिप्टमध्ये यासाठी टेम्पोरल या नव्या सोयीतला प्लेन-डेट आहे. तो फायरफॉक्समध्ये २०२५ साली आला. जुन्या ब्राउझरसाठी पॉलिफिल (उणीव भरून काढणारा जोडकोड) लागेल. क्षण असेल तर यूटीसीतला (जगाच्या प्रमाण वेळेतला) टाइमस्टॅम्प, म्हणजे तारीख आणि वेळ एकत्र.

तिसरा प्रकार अधूनमधून लागतो: पुढच्या काळातली स्थानिक वेळ. ‘वार्षिक सभा अमुक दिवशी सकाळी ११ वाजता’ हे यूटीसीत बदलून ठेवू नका. दिवस, वेळ आणि ‘एशिया/कोलकाता’ हे झोनचं नाव असं तिन्ही ठेवा. भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही, पण उन्हाळ्यात घड्याळ पुढे नेणाऱ्या देशांत नियम बदलले की आधीच यूटीसीत केलेलं रूपांतर चुकीचं ठरतं.

हे ठरवायला अर्धा तास लागतो आणि पुढचे बरेच बग इथेच टळतात. जन्मतारीख टाइमस्टॅम्प म्हणून साठवणं हे माझ्या मते तारखांच्या बाबतीतलं सर्वांत महागात पडणारं पाप आहे. त्याचा हिशेब पायरी ६ मध्ये.

पायरी २ : फाइल एक्सेलमध्ये उघडण्याआधी कॉलमची झडती घ्या

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल) डबल-क्लिकने उघडायची नाही. एक्सेलला एखादी गोष्ट तारखेसारखी दिसली की ते न विचारता तिची तारीख करतं. आपल्याकडच्या तलाठी-महसुलाच्या कामात याचा अस्सल नमुना मिळतो: रिकाम्या सेलमध्ये ७/१२ टाइप करून एंटर मारा, सातबाऱ्याचा ७ डिसेंबर होतो; मशिनची सेटिंग अमेरिकन असेल तर १२ जुलै. गट नंबर १२ हिस्सा ३ हे १२/३ असं लिहिलं तरी तीच गत. जनुकशास्त्रज्ञ याच त्रासाला इतके कंटाळले की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ने सुरू होणाऱ्या जनुकांची नावंच बदलून टाकली.

म्हणून फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये पाहा, किंवा स्क्रिप्टने सगळे कॉलम मजकूर म्हणून वाचा. मग तारखेच्या प्रत्येक कॉलमसाठी पुढची मोजदाद करा.

प्रत्येक नोंदीचे तीन तुकडे करा. पहिला तुकडा १२ हून मोठा असलेल्या नोंदी किती? दुसरा तुकडा १२ हून मोठा असलेल्या किती? पहिल्या प्रकारच्या भरपूर आणि दुसऱ्या प्रकारची एकही नाही, तर कॉलम दिवस-आधी आहे. उलट असेल तर महिना-आधी. दोन्ही प्रकार सापडले तर कॉलम मिश्र आहे, आणि मिश्र कॉलममधल्या संदिग्ध नोंदी कोणत्याही हुशार लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) सुटत नाहीत. दोन्ही शून्य असतील तर पुरावाच नाही. अशा वेळी फाइल देणाऱ्याला फोन करायचा. हे हास्यास्पद वाटेल, पण पाच मिनिटांच्या फोनची सर कुठल्याही अल्गोरिदमला येत नाही.

एक्सएलएसएक्स फाइल आली असेल तर आणखी एक सापळा आहे आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. समजा, मूळ यादी दिवस-आधी होती आणि ती अमेरिकन सेटिंगच्या मशिनवर एकदा उघडली गेली. १३/०४/२०२५ मध्ये तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेलने ती नोंद मजकूर म्हणूनच सोडली. ०३/०४/२०२५ मात्र त्याला वाचता आली, म्हणून तिचं ४ मार्च झालं. आता एकाच कॉलममध्ये काही सेल मजकूर आहेत आणि काही खऱ्या तारखा. डोळ्यांना हे असं दिसतं: काही नोंदी डावीकडे चिकटलेल्या, काही उजवीकडे.

एक्सेल आतमध्ये तारीख म्हणजे एक अनुक्रमांक ठेवतं. १ जानेवारी १९०० ला १ धरून मोजलेला. ३ एप्रिल २०२५ चा क्रमांक ४५७५०, आणि ४ मार्चचा ४५७२०. तुमच्या वाचणाऱ्या लायब्ररीला सेलमध्ये ४५७२० मिळतो, म्हणजे तिच्या दृष्टीने शंकेला जागाच नाही. चूक आधीच पक्की झालेली असते.

ओळखायची खूण अशी: कॉलममधल्या खऱ्या तारखा वेगळ्या काढा आणि त्यातला महिन्याचा दिवस बघा. शेकडो तारखांपैकी एकीतही दिवस १२ च्या पुढे जात नसेल आणि १३ ते ३१ वाल्या सगळ्या नोंदी मजकूर म्हणून पडल्या असतील, तर कॉलम उलटलेला आहे. दुरुस्तीही त्यातूनच निघते. खऱ्या तारखांमध्ये दिवस आणि महिन्याची अदलाबदल करा, मजकूर नोंदी दिवस-आधी म्हणून वाचा. (जुन्या मॅकवर बनलेली फाइल असेल तर मोजणी १९०४ पासून असू शकते, तेव्हा सगळ्या तारखा एकदम १४६२ दिवसांनी हलतात. इतका मोठा फरक निदान लगेच दिसतो.)

शेवटी धंद्याची अक्कल वापरा. ठेव ठेवल्याची तारीख आजच्या पुढे असू शकत नाही. मुदतीची तारीख वजा ठेवीची तारीख यातून ४६ दिवस, ९१ दिवस, १ वर्ष, ५ वर्षं अशा ओळखीच्या मुदती निघायला हव्यात. ज्या ओळीत ३३५ दिवस किंवा ३९६ दिवस असा तिरपागडा आकडा येईल ती ओळ उलटली आहे असं समजून हाताने तपासा. रविवारी ठेव उघडल्याच्या नोंदी जागोजाग दिसल्या तर तोही पुरावाच.

पायरी ३ : देवाणघेवाणीचं रूप एकच ठरवा आणि लिहून ठेवा

दोन सिस्टिम एकमेकांशी बोलताना तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने जावी: २०२५-०४-०३. हे आयएसओ ८६०१ चं रूप, १९८८ पासून प्रमाण म्हणून ठरलेलं. इंटरनेटवरच्या वापरासाठी त्याचीच आटोपशीर, कडक आवृत्ती २००२ च्या आरएफसी ३३३९ मध्ये आहे. एपीआय (दोन प्रोग्रामनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली रीत) लिहिणाऱ्याने तीच पाळावी. या रूपाला दुसरा अर्थ नाही, आणि मजकूर म्हणून क्रम लावला तरी तो कालक्रमच येतो. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांवरचा लांबलचक संकेतांक पाहा, त्याची सुरुवात अशीच वर्ष, महिना, दिवस या आकड्यांनी होते.

एपीआयच्या दस्तऐवजात ‘तारीख’ एवढंच लिहू नका. ‘वर्ष-महिना-दिवस, चार अंकी वर्ष, इंग्रजी अंक, वेळ नाही’ असं लिहा आणि उदाहरण म्हणून २०२५-०४-०३ देऊ नका. उदाहरणात १२ च्या पुढचा दिवस हवा, म्हणजे वाचणाऱ्याला क्रम कळतो.

डेटाबेसकडे तारीख मजकूर म्हणून पाठवूच नका. पॅरामीटर म्हणून, तारखेच्या प्रकारातच पाठवा. कारण डेटाबेसलाही स्वतःची मतं असतात. पोस्टग्रेसमध्ये डेट-स्टाइल नावाची सेटिंग आहे आणि ती बहुधा इन्स्टॉल करतानाच्या लोकेलवरून (भाषा-देशाच्या सेटिंगवरून) ठरते. तुमच्या लॅपटॉपवर दिवस-आधी आणि क्लाउडवर महिना-आधी, असं सहज होतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर आणखी मजा आहे. जुन्या डेट-टाइम प्रकारासाठी भाषा ब्रिटिश इंग्रजी ठेवली की २०२५-०४-०३ हेसुद्धा वर्ष-दिवस-महिना म्हणून वाचलं जातं, म्हणजे ४ मार्च! तिथे मजकूरच द्यावा लागला तर मधल्या रेघा काढून २०२५०४०३ असं द्या, किंवा नवे डेट आणि डेट-टाइम-२ हे प्रकार वापरा.

पायरी ४ : पार्सर कडक ठेवा, अंदाज बांधणारा नको

पार्सर म्हणजे मजकुरातून तारीख वाचणारा कोड. तारीख वाचताना प्रोग्रामने अडून बसलेलं परवडतं. अंदाजाने पुढे गेलेलं परवडत नाही. दुर्दैवाने बऱ्याच लायब्ऱ्या मदत करण्याच्या उत्साहात अंदाजच बांधतात.

पायथनची डेट-युटिल लायब्ररी घ्या. तिला ०३/०४/२०२५ दिलं तर ती अमेरिकन रीतीने ४ मार्च देते. १३/०४/२०२५ दिलं तर तेरावा महिना नाही हे बघून गुपचूप क्रम उलटवते आणि १३ एप्रिल देते. एकाच कॉलममध्ये दोन नियम लागले, इशारा नाही, एरर नाही. पांडास (पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) पूर्वी असंच करत असे. २०२३ च्या २.० आवृत्तीपासून ते पहिल्या नोंदीवरून रूप ठरवतं आणि बाकीच्यांना तेच लावतं. न जुळणारी नोंद आली की अडतं. सुधारणा चांगली आहे, तरी पहिली नोंद ०३/०४ असेल तर ते महिना-आधीच धरतं, आणि फाइलमध्ये सगळ्याच तारखा १२ च्या आतल्या असतील तर कुठेच अडत नाही. ‘डे-फर्स्ट’ हा पर्यायही नुसता कल सांगतो, सक्ती करत नाही. तेव्हा रूप स्वतः, अक्षरन्‌अक्षर लिहून द्या.

जावास्क्रिप्टच्या न्यू डेटला ०३/०४/२०२५ असा मजकूर कधीही देऊ नका. क्रोममध्ये तो ४ मार्च होतो आणि १३/०४/२०२५ अवैध ठरतो. त्यापेक्षा मजकूर रेग्युलर एक्स्प्रेशनने (अक्षरांचा साचा जुळवणाऱ्या सूत्राने) तोडा, तीन आकडे काढा आणि त्यांची तारीख बनवा. तसं करताना महिने शून्यापासून मोजले जातात, एप्रिल म्हणजे ३, हे ध्यानात असू द्या.

जावातला जुना सिंपल-डेट-फॉरमॅट मुळात ढिला आहे. दिवस-महिना-वर्ष असं रूप देऊन त्याला ०४/१३/२०२५ दिलं तर तो तक्रार करत नाही. २०२५ चा तेरावा महिना म्हणजे पुढच्या वर्षीचा जानेवारी असं म्हणून ४ जानेवारी २०२६ हातात ठेवतो. नवा डेट-टाइम-फॉरमॅटर शहाणा आहे, पण त्याची मूळ वृत्ती ‘स्मार्ट’ असते आणि ३१/०२ चं तो फेब्रुवारीचा शेवटचा दिवस करतो. त्याला रिझॉल्व्हर-स्टाइल ‘स्ट्रिक्ट’ द्या. स्ट्रिक्ट केल्यावर रूपात वर्षासाठी स्मॉल ‘वाय’ ऐवजी स्मॉल ‘यू’ लिहावा लागतो, नाहीतर तो ‘इसवी सन की इसवी सनापूर्वी’ याची माहिती नाही म्हणून अडतो. या एका अक्षरासाठी लोकांनी दुपारच्या दुपार घालवल्या आहेत.

रूपातल्या अक्षरांचंच बोलायचं तर: कॅपिटल ‘एम’ महिना, स्मॉल ‘एम’ मिनिटं. स्मॉल ‘डी’ महिन्यातला दिवस, कॅपिटल ‘डी’ वर्षातला दिवस. कॅपिटल ‘वाय’ हे आठवड्यांच्या हिशेबातलं वर्ष. आयएसओच्या मोजणीत २९ डिसेंबर २०२५ हा सोमवार २०२६ च्या पहिल्या आठवड्यात मोडतो, म्हणून कॅपिटल ‘वाय’ वापरलेल्या पावतीवर तेव्हा २९ डिसेंबर २०२६ छापलं जातं. वर्षभर बरोबर चालणारा आणि नेमका नाताळच्या सुट्टीत उगवणारा बग.

दोन अंकी वर्ष शक्यतो नाकाराच. प्रत्येकाची सीमारेषा निराळी आहे. पायथन ६८ पर्यंत २०६८ मानतं आणि ६९ पासून १९६९. मायएसक्यूएलची रेघ ६९ आणि ७० च्या मध्ये. एक्सेल बऱ्याच मशिनवर २९ ला २०२९ आणि ३० ला १९३० म्हणतं. आता आपल्या यादीत जन्मवर्ष ‘५५’ असलेले आजोबा पायथनमध्ये २०५५ साली जन्मणार आहेत, आणि २०१५ साली घेतलेलं २० वर्षांचं गृहकर्ज एक्सेलच्या मते १९३५ मध्येच फिटलं आहे. दोन अंक घ्यावेच लागले तर सीमारेषा कॉलमगणिक वेगळी लावा: जन्मतारीख आजच्या पुढे नाही, मुदत ठेवीच्या तारखेच्या मागे नाही.

न वाचता आलेल्या नोंदींचं काय? त्या टाकून द्यायच्या नाहीत आणि आजची तारीख घालून पुढे रेटायच्याही नाहीत. मूळ मजकूर, ओळ क्रमांक आणि कारण असं वेगळ्या यादीत काढून माणसाकडे द्या. मूळ मजकुराचा कॉलम नव्या टेबलमध्येही वर्षभर तरी ठेवा. जागा लागते थोडी, पण वाद झाला की तोच उपयोगी पडतो.

पायरी ५ : देवनागरी अंक आणि मराठी महिने

पतसंस्थेच्या यादीत ‘दि. ०३.०४.२०२५’, ‘३ एप्रिल २५’, ‘३-४-२०२५’ असं सगळं सापडणार. 3 आणि ३ हे संगणकासाठी दोन वेगळे वर्ण आहेत, आणि वेगवेगळ्या भाषा त्यांना वेगवेगळं वागवतात. पायथनचं इंट आणि जावाचं पार्स-इंट ‘३’ ला निमूटपणे तीन मानतात. जावास्क्रिप्टचं नंबर ‘संख्या नाही’ म्हणतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमधली अंकाची खूणही तशीच: पायथन आणि डॉटनेटमध्ये तिला देवनागरी अंक चालतात, जावास्क्रिप्टमध्ये नाही. डॉटनेटमध्ये तर तपासणीत अंक म्हणून पास झालेला ‘३’ पुढे संख्येत बदलताना अडतो.

म्हणून दारातच अंक एकसारखे करा. देवनागरी ० ते ९ युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांमधल्या वर्णांना क्रमांक देणाऱ्या यादीत) २४०६ ते २४१५ या क्रमांकांवर सलग बसले आहेत. क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक मिळतो. एवढं एक छोटं फंक्शन लिहा आणि बाकी सगळी तपासणी त्यानंतर करा.

महिन्यांच्या नावांना जरा जास्त मेहनत लागते. ‘ऑगस्ट’ आणि ‘ऑक्टोबर’ मधला ‘ऑ’ हा युनिकोडमध्ये एकच वर्ण आहे. जुन्या फॉन्टमधून बदललेल्या मजकुरात मात्र तो ‘आ’ आणि वर अर्धचंद्र अशा दोन वर्णांनी येतो. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही दिसायला सारखे, तुलना केली तर वेगळे, आणि युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही (वर्ण एकसारखे करण्याच्या प्रक्रियेनेही) ते एक होत नाहीत. हा बदल हाताने लिहावा लागतो. शिवाय कॉपी-पेस्टमधून आलेले न दिसणारे जोडवर्ण काढा, आणि मुक्त मजकुरातून तारीख शोधत असाल तर ‘एप्रिलपर्यंत’, ‘एप्रिलला’, ‘एप्रिलच्या’ हे प्रत्यय धरूनच शब्द येणार हे लक्षात घ्या. शब्दाची सुरुवात जुळवा, पूर्ण शब्द जुळवू नका. ‘मे’ मात्र पूर्णच जुळवा, नाहीतर मेळावे आणि मेहता मे महिन्यात जमा होतील.

पायरी ६ : साडेपाच तास

भारतीय डेव्हलपरला हटकून चावणारा बग हा आहे. ब्राउझरमध्ये कुणी ३ एप्रिल निवडला. कोडने त्याची जावास्क्रिप्टची डेट बनवली, म्हणजे भारतीय वेळेप्रमाणे ३ एप्रिलची मध्यरात्र. सर्व्हरला पाठवायला टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरली. ती यूटीसीत लिहिते, आणि आपली मध्यरात्र यूटीसीत आदल्या संध्याकाळचे साडेसहा. सर्व्हरकडे गेलं ‘२०२५-०४-०२, १८:३०’. सर्व्हरने वेळ छाटून टाकली. डेटाबेसमध्ये २ एप्रिल.

उलट दिशेने तोच खेळ अमेरिकेत दिसतो. २०२५-०४-०३ हा नुसता दिवस न्यू डेटला दिला तर तो यूटीसीची मध्यरात्र धरतो. पुण्यात ते सकाळचे साडेपाच, दिवस तोच. न्यूयॉर्कमध्ये आदली संध्याकाळ, २ एप्रिल. त्यामुळे पुण्यात बसून हा बग कधीच दिसणार नाही, आणि परदेशातला ग्राहक मात्र प्रत्येक वाढदिवस एक दिवस आधी आल्याची तक्रार करत राहील. उपाय पायरी १ मध्येच आहे: दिवसाला क्षण बनवू नका. निवडलेल्या तारखेतून वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे काढा आणि मजकूर स्वतः जोडा.

खऱ्या क्षणांनाही ही सीमा लागू आहेच. १ एप्रिलला पहाटे ४ वाजता झालेला यूपीआय व्यवहार यूटीसीत ३१ मार्चच्या रात्री साडेदहाचा असतो. अहवाल यूटीसीवरून गटवारी करत असेल तर तो व्यवहार मागच्या आर्थिक वर्षात जातो. गटवारी करण्याआधी ‘एशिया/कोलकाता’मध्ये बदला. आणि ‘३ तारखेच्या रात्री १२ पर्यंत’ अशी मुदत स्क्रीनवर लिहूच नका. ‘३ एप्रिल, रात्री ११:५९’ लिहा, अर्धे वाद मिटतात.

पायरी ७ : दाखवताना माणसाच्या सोयीने

आतमध्ये कडक आणि बाहेर मोकळं. दाखवण्याची रूपं स्वतः रचू नका. युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारात जगभरच्या भाषांचे संकेत गोळा केलेले आहेत आणि ब्राउझर, अँड्रॉइड, जावा सगळे तिथूनच घेतात. जावास्क्रिप्टच्या इंटल डेट-टाइम-फॉरमॅटला भारतीय मराठीचं लोकेल दिलं की ३/४/२०२५ देवनागरी अंकांत मिळतं. हिंदीच्या लोकेलला मात्र मुळात इंग्रजी अंक येतात. मराठीत इंग्रजी अंक हवे असतील (खाते क्रमांकाशेजारी तेच बरे दिसतात) तर लोकेलच्या टॅगमध्ये अंकपद्धती वेगळी सांगता येते.

माझं स्पष्ट मत: पैशाशी किंवा मुदतीशी संबंध असलेल्या प्रत्येक ठिकाणी महिना अक्षरांत दाखवा. ‘३ एप्रिल, २०२५’ ला चार अक्षरं जास्त लागतात, पण ती कुणीही उलटी वाचत नाही. जागाच नसेल तर ‘३ एप्रि’.

तारीख घेताना ब्राउझरचा डेट इनपुट चांगला. तो वापरणाऱ्याला त्याच्या सेटिंगप्रमाणे दिसतो आणि कोडला नेहमी वर्ष-महिना-दिवस याच रूपात किंमत देतो. जन्मतारखेसाठी मात्र कॅलेंडर उघडून ज्येष्ठ माणसाला ७० वर्षं मागे ढकलत नेणं हा छळ आहे. तिथे दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने द्या. चेकवर दिवस-महिना-वर्षाचे आठ चौकोन छापलेले असतात, त्यामुळे सवय आहेच.

लोकेलने तयार केलेला मजकूर परत पार्स करू नका. तो माणसांसाठी असतो आणि आवृत्तीगणिक बदलतो. २०२२ च्या अखेरीस सीएलडीआर ४२ मध्ये इंग्रजी वेळेतल्या ‘एएम’, ‘पीएम’च्या आधीची साधी मोकळी जागा बदलून न तुटणारी अरुंद जागा आली. डोळ्यांना काहीच फरक नाही, पण जावा आणि नोड (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) यांतले कित्येक पार्सर पडले.

शके दाखवायचं असेल तर लोकेलच्या टॅगमध्ये भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका निवडता येते. ही २२ मार्च १९५७ पासून सरकारी वापरात आहे. राजपत्रावर ‘गुरुवार, एप्रिल ३, २०२५/चैत्र १३, शके १९४७’ अशी जोडतारीख असते, आणि हिंदीत लिहिलेल्या चेकवर शक संवताची तारीख असली तरी तो बँकांनी स्वीकारावा असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. पण यातला चैत्र म्हणजे पंचांगातला चैत्र नव्हे. राष्ट्रीय दिनदर्शिकेत २०२५ चा चैत्र २२ मार्चला सुरू झाला, गुढीपाडवा ३० मार्चला होता. या सोयीवरून तिथी किंवा सण काढायला जाऊ नका. त्यासाठी पंचांगाचा डेटा वेगळा घ्यावा लागतो.

अर्धवट तारखा

जुन्या आधार कार्डांपैकी अनेकांवर फक्त जन्मवर्ष आहे. असं वर्ष आलं की प्रोग्रामर १ जानेवारी चिकटवून मोकळा होतो. आपल्याकडे याची परंपरा संगणकापेक्षा जुनी आहे: शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिला आणि गावातल्या निम्म्या पिढीचा वाढदिवस एका दिवशी आला. कागदावरचा १ जून कायद्याने खरा, तो बदलू नका. पण तुमच्या सिस्टिमने स्वतःहून असा दिवस निर्माण करू नये. वर्ष, महिना, दिवस वेगळे ठेवा आणि महिना-दिवस रिकामे राहू द्या, किंवा तारखेशेजारी ‘किती अचूक’ असा एक कॉलम ठेवा: पूर्ण, फक्त महिना, फक्त वर्ष. ज्येष्ठ नागरिकांचा जादा व्याजदर लावताना हा कॉलम बघितला पाहिजे, नाहीतर ६० वर्षं कोणत्या दिवशी पुरी झाली हे तुमचा कोड मनाने ठरवतो.

पायरी ८ : टेस्टमध्ये नेमक्या वाईट तारखा घाला

टेस्टसाठी ०३/०४/२०२५ हवीच, आणि शेजारी १३/०४/२०२५. ०४/१३/२०२५ आणि ३१/०२/२०२५ दिल्या की एरर यायलाच हवी. एरर आली नाही तर टेस्ट नापास. २९ फेब्रुवारी २०२४ चालली पाहिजे, २९ फेब्रुवारी २०२५ नाही. २९ डिसेंबर २०२५ कॅपिटल ‘वाय’साठी. ०३/०४/२५ नाकारली जाते का ते बघा. देवनागरी अंकांत एक, अर्धे देवनागरी अर्धे इंग्रजी अशी एक, दोन तुकड्यांच्या ‘ऑ’ने लिहिलेला ऑगस्ट एक. १२/१२ टेस्टमध्ये घेऊ नका, तिच्यातून काहीच कळत नाही.

मग हाच टेस्टचा गठ्ठा तीनदा चालवा, दर वेळी मशिनचा टाइम झोन बदलून: कोलकाता, लॉस एंजेलिस, आणि यूटीसीच्या १४ तास पुढे असलेलं किरितिमाती. लोकेलही बदला, एकदा अमेरिकन इंग्रजी, एकदा भारतीय मराठी. डॉकरमधला (तयार डब्यात बंद करून चालवलेला) सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर आणि अमेरिकन वळणाच्या सेटिंगवर उठतो, तुमचा लॅपटॉप भारतीय. ‘माझ्या मशिनवर तर चालतंय’ हे वाक्य तारखांच्या बाबतीत इथून येतं. हे सगळं सीआयमध्ये (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) बसवायला एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये चार-पाच ओळी लागतात. लॉस एंजेलिसवर पास झालेली आणि किरितिमातीवर पडलेली टेस्ट दिसली की कोडमध्ये कुठेतरी दिवसाचा क्षण झाला आहे, आणि शोध टू-आयएसओ-स्ट्रिंगपासून सुरू करायचा.